टाचेचा गिअर ठेवायचा की काढायचा?

नवीन बुलेट घरी आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. डाव्या पायाशी गिअर लिव्हरची दोन टोकं असतात, एक पुढे चवड्याजवळ, दुसरं मागे टाचेजवळ. जाड तळव्याचे बूट घातले की मागचं टोक सारखं पायात येतं. मित्र म्हणतात, "कापून टाक, काही उपयोग नाही त्याचा." वडील म्हणतात, "कंपनीने काय उगाच दिलंय?" नवखा माणूस मधल्या मधे अडकतो.

मी माझ्या क्लासिक ३५० या बुलेटवरचं मागचं टोक काढलं आहे आणि घरातल्या स्प्लेंडरवरच्या त्याच टोकाला कुणाला हात लावू देत नाही. हे दोन्ही निर्णय मी पुरता विचार करून घेतले आहेत. तुमच्या गाडीचं काय करायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून सगळं क्रमाने सांगतो. हत्याराला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी गाडीचे गिअर कसे पडतात ते बघा

मोटरसायकलच्या गिअरची रचना सगळ्या गाड्यांत सारखी नसते. स्प्लेंडरमध्ये न्यूट्रलपासून चौथ्यापर्यंत सगळे गिअर पुढचं टोक खाली दाबून पडतात. गिअर कमी करायचा तर टाचेने मागचं टोक दाबायचं. क्लासिक ३५०, पल्सर, युनिकॉर्न या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणजे पुढचं टोक दाबलं की गिअर कमी होतो. वाढवायचा असेल तर चवडा लिव्हरखाली घालून वर उचलायचा, नाहीतर टाचेने मागचं टोक दाबायचं.

थोडक्यात, टाचेने स्प्लेंडरचा गिअर उतरतो आणि बुलेटचा चढतो.

तुमच्या गाडीची रचना मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मॅन्युअल हरवलं असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, एका हाताने मागचं चाक हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर खालीवर करून बघा. दोन मिनिटांत कळतं.

तुमची गाडी स्प्लेंडरसारखी, सगळे गिअर पुढे दाबून पडणारी असेल तर निर्णय इथेच झाला. मागचं टोक ठेवा. ते काढलं तर चौथ्यातून न्यूट्रलला येताना चार वेळा चवडा लिव्हरखाली घालून उचलावा लागेल. सिग्नलला गाड्या अचानक थांबतात, रस्त्यात कुत्रं आडवं येतं, तेव्हा गिअर पटापट उतरवावे लागतात. तिथे टाचेचा एक दाब जितका खात्रीचा असतो तितकं चपलेतल्या पायाने उचलणं कधीच नसतं. लेखाचा पुढचा भाग पहिला खाली आणि बाकीचे वर असलेल्या गाड्यांसाठी आहे.

घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर

या मुद्द्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण पाय मोडून घेण्याचा खरा धोका इथे आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडे बहुतेकांचे हात बसतात ते घरातल्या शंभर सीसीवर. पायाला सवय लागते: पुढे दाबलं की गिअर वाढला, मागे दाबलं की कमी झाला. आठ-दहा वर्षांनी बुलेट येते. डोक्याला माहीत असतं की इथे उलटं आहे, पण पायाला माहीत नसतं. सरळ रस्त्यावर लक्ष असतं तोवर निभावतं. गडबड उडते ती घाबरल्यावर, कारण घाबरलेला माणूस जुन्या सवयीवर जातो.

आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे जात होतो. माझ्या बुलेटला तेव्हा तीनच महिने झाले होते. पावसाची भुरभुर होती. समोर वळणावर एसटी दिसली. तिसऱ्यात होतो, दुसरा टाकून इंजिनवर वेग धरायचा होता. टाच आपोआप मागे दाबली गेली आणि पडला चौथा. इंजिनचा आवाज एकदम मऊ झाला, गाडी पुढे पळायला लागली आणि सगळा भार ओल्या रस्त्यावर ब्रेकवर आला. एसटीवाल्याने जागा दिली म्हणून निभावलं. याच्या उलट चूकही तितकीच वाईट. वेगात असताना पाचवा टाकायच्या समजुतीने पुढे दाबलं की तिसरा पडतो, आणि क्लच सोडल्याबरोबर मागचं चाक झटका खाऊन घसरतं.

त्या दिवसानंतर मी मागचं टोक काढायचं ठरवलं. ते नसलं की बुलेटवर बसल्याबरोबर टाचेला रिकामी जागा लागते आणि पायाला कळतं, ही दुसरी गाडी आहे. टाचेची चूक करायला टोकच उरत नाही. पुढे दाबण्याची चूक मात्र तरीही होऊ शकते, तिच्यावर सरावाशिवाय इलाज नाही. तुमच्या घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील आणि तुम्ही दोन्ही चालवत असाल तर बुलेटवरचं मागचं टोक काढण्याचं माझ्या मते हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

पायात काय असतं?

टाचेचा गिअर आपल्याकडच्या गाड्यांना दिला जातो तो आपल्या पायांकडे बघून. चप्पल, सँडल, ऑफिसचे काळे बूट. कोल्हापुरी घालून लिव्हरखाली पाय घालून बघा. अंगठ्याच्या वरच्या नाजूक भागावर लोखंड घासतं, चप्पल मागे सरकते आणि गिअर अर्धवट पडतो. ऑफिसच्या बुटाच्या डाव्या पायावर महिन्याभरात जो काळपट, सोललेला पट्टा उमटतो तो या उचलण्याचाच. रोज चप्पल किंवा पॉलिशचे बूट घालून गाडी चालवणार असाल तर मागचं टोक ठेवा. (लांबच्या प्रवासाला चपलेवर जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. घोटा झाकणारा बूट हवाच.)

ज्यांचा घोटा दुखतो, जुना मार आहे, संधिवात आहे, त्यांनीही ते ठेवावं. पाऊल वर उचलायला घोट्याच्या पुढच्या स्नायूंवर जोर येतो, टाच दाबायला पायाचं वजन पुरतं. माझ्या मामांनी साठीनंतर याच एका कारणासाठी दोन टोकांची लिव्हर परत बसवून घेतली.

याउलट नेहमी बूट घालत असाल, पाऊल मोठं असेल (नऊ-दहा नंबरच्या पुढे), कच्च्या रस्त्यावर फूटरेस्टवर उभं राहून गाडी चालवत असाल, तर मागचं टोक अडचणच करतं. मोठ्या बुटाचं पाऊल दोन टोकांच्या मधे कोंडतं, आणि उभं राहताना पाऊल जरा मागे घेतलं की टाच लिव्हरवर जाते.

टाच लिव्हरवर टेकून राहिली की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण "गिअर अडकतोय" या अनेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. प्रत्येक गिअर टाकल्यावर लिव्हर स्प्रिंगने परत मधल्या जागी यावी लागते. ती मधे आली की आतली यंत्रणा पुढच्या गिअरसाठी तयार होते. टाचेचं वजन लिव्हरवर राहिलं तर ती मधे येतच नाही, मग पुढचा गिअर पडत नाही, किंवा अर्धवट पडून दोन गिअरच्या मधलं फसवं न्यूट्रल लागतं. इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी ओढत नाही. शिवाय तो दाब आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कपर्यंत पोचतो आणि तो विनाकारण झिजतो. मेकॅनिककडे जाण्याआधी आपली टाच कुठे असते ते एकदा बघा.

काढण्याआधी एक दाता फिरवून बघा

खूप जणांना लिव्हर काढायची नसतेच, तिचा कोन चुकलेला असतो एवढंच.

नेहमीचे बूट घालून गाडीवर बसा, मेन स्टँडवर. डावा पाय फूटरेस्टवर रोज ठेवता तसा ठेवा, मुद्दाम नीट ठेवू नका. आता मित्राला बाजूला बसवून दोन अंतरं बघायला सांगा: बुटाचं टोक आणि पुढच्या पॅडची खालची बाजू यांच्यातलं, आणि टाच आणि मागच्या पॅडमधलं. पुढे बूट सहज आत जायला हवा, पाऊल मुरडावं लागता कामा नये. मागे, पाय फूटरेस्टवर टेकलेला असताना टाच पॅडपासून निदान बोटभर लांब राहायला हवी.

आपल्या बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या मधोमध एक चिरलेलं कडं असतं. ते गिअरच्या शाफ्टवरच्या (इंजिनमधून बाहेर आलेल्या दांड्यावरच्या) बारीक दात्यांवर बसतं आणि एका बोल्टने चीर आवळली जाते. कोन बदलायचा तर:

शाफ्टच्या तोंडावर आणि कड्यावर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. ही मूळ जागेची खूण. हे विसरू नका.

बोल्ट पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टवरच्या खाचेतून आडवा जातो, त्यामुळे नुसता सैल करून लिव्हर निघत नाही. बहुतेक वेळा १० नंबरचा पाना लागतो. बॉक्स पाना किंवा गोटी (सॉकेट) वापरा. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याने बोल्टचं डोकं गोल झालं की पुढचं सगळं काम अवघड होतं.

लिव्हर सरळ बाहेर ओढा. कोकणात, पावसात राहिलेली गाडी असेल तर ती गंजाने धरलेली असते. तेल मारून अर्धा तास थांबा. चिरेत स्क्रूड्रायव्हर हलकाच घालून कडं जरासं उघडा. हातोडी मारू नका, तो मार सरळ गिअर शाफ्टला बसतो.

तारेच्या ब्रशने दाते साफ करून एकच दाता फिरवून परत बसवा आणि बोल्ट आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पाना लहान धरा आणि मनगटाने आवळा, खांद्याने नाही.

एक अडचण लगेच लक्षात येईल. लिव्हर एकसंध आहे, त्यामुळे पुढचं टोक वर केलं की मागचं खाली जातं. बूट जाड म्हणून पुढे जागा केली तर टाचेखाली पॅड आणखी दूर जातं, आणि ते बऱ्याचदा हवंच असतं. या जागेवर निदान दोन आठवडे गाडी चालवा. रोजचा रस्ता, एखादा घाट, एखादा पावसाचा दिवस. तेवढ्यात त्रास गेला तर इथेच थांबा, खर्च शून्य.

रॉयल एनफिल्ड मीटिऑरसारख्या गाडीत फूटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामधे एक सळई असते. तिथे कोन सळईची लांबी बदलून जुळवतात: दोन्ही टोकांची लॉक नट सैल करायची, सळई फिरवायची, परत लॉक करायची. बहुधा एका टोकाचे आटे उलटे असतात, नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी हे आठवा.

काढायचंच ठरलं तर

मूळ लिव्हर कापू नका. हे मी पुन्हा एकदा म्हणतो: कापू नका.

माझी पहिली लिव्हर मी कापून घेतली होती. रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये लिव्हर गाडीवरच ठेवून ग्राइंडर चालवला. दहा मिनिटांचं काम. घरी आलो तर जिथे कापलं होतं तिथे बोटभर खुंट राहिलेला, कडेला पत्र्यासारखी धार. दुसऱ्या दिवशी सिग्नलला पाय खाली टेकवताना पँट फाटली आणि घोट्याच्या वर तीन टाके पडले. कापलेल्या जागी क्रोम नव्हता, पहिल्या पावसात गंज चढला. वर ग्राइंडरच्या ठिणग्या इंजिनच्या कव्हरवर उडून बारीक काळे ठिपके पडले ते आजही आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आठवडाभराने मन बदललं असतं तरी परतीचा रस्ता नव्हता.

योग्य मार्ग म्हणजे फक्त पुढच्या टोकाची वेगळी लिव्हर आणून बसवायची. ती घेताना स्वतःची जुनी लिव्हर काढून पिशवीत घालून दुकानात न्या. "क्लासिकची द्या" एवढं पुरत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षं भाग बदलत आले आहेत. दोन लिव्हर काउंटरवर शेजारी ठेवा. आधी कड्यातले दाते जुळवा, व्यासही आणि संख्याही. मग कड्यापासून पुढच्या पॅडपर्यंतची लांबी. मग बाहेरच्या बाजूचा बाक, कारण तो कमी असेल तर लिव्हर इंजिनच्या कव्हरला घासेल, जास्त असेल तर वळणात, गाडी कलली की खाली टेकेल किंवा लेग गार्डला लागेल. पॅडवर रबर आहे ना तेही बघा; नुसत्या लोखंडावर ओला बूट घसरतो आणि लवकर झिजतो.

रॉयल एनफिल्डची हंटर ३५० किंवा होंडाची सीबी३५०आरएस घेतली असेल तर कंपनीनेच फक्त पुढचं टोक दिलेलं असतं, तुम्हाला यातलं काहीच करायचं नाही. लिव्हरची नोंद आरसीवर नसते. तरी गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर गोष्ट वेगळी आहे. तिथे फूटरेस्टच्या जागी रुंद फूटबोर्ड असतात आणि पुढची-मागची लिव्हर दोन वेगळे भाग असतात, एकाच शाफ्टवर शेजारी शेजारी बसवलेले. त्यामुळे मागची एकटी काढता येते, आणि ती गेली की टाच मागे सरकवायला फूटबोर्डवर भरपूर जागा मिळते. लांबच्या प्रवासात गुडघ्याला त्याचा खरा आराम वाटतो. पण काढल्यावर शाफ्टवर जी जागा रिकामी होते तिथे मापाचा स्पेसर (मधली जागा भरणारं कडं) घाला, नाहीतर उरलेली लिव्हर बाजूला सरकत राहते.

आणि कुणाकडे उजव्या बाजूला गिअर असलेली जुनी, चार गिअरची बुलेट असेल तर कृपा करून घाई करू नका. गिअर लिव्हरच्या मागे जी छोटी वेगळी लिव्हर दिसते ती टाचेचा गिअर नाही, ती न्यूट्रलची आहे. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून क्लच दाबून ती दाबली की गाडी सरळ न्यूट्रलला येते. ती फालतू समजून काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पुन्हा शोधायला जाल तर घाम फुटेल.

रस्त्यावर जाण्याआधी

मेन स्टँड, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवत पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि परत, असं तीन वेळा करा. प्रत्येक वेळी लिव्हर सोडल्यावर ती आपोआप मधे येते का ते बघा. मग लिव्हर अगदी खाली दाबून धरा आणि ती साइड स्टँडला, त्याच्या स्प्रिंगला, इंजिनच्या कव्हरला कुठे लागत नाही ना ते खाली वाकून, टॉर्च मारून तपासा. लिव्हर हाताने आतबाहेर हलवा, जराही खेळ असेल तर बोल्ट परत आवळा. सैल राहिलेली लिव्हर दाते खाऊन टाकते, आणि खाल्ले गेलेले दाते शाफ्टवरचे असतील तर इंजिन उघडावं लागतं.

पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तोच बोल्ट पुन्हा एकदा बघा.

पाय शिकवायला वेळ द्या

टाचेने गिअर चढवायची सवय असलेल्याला चवड्याने उचलायला सुरुवातीला जड जातं. मोकळं मैदान किंवा रविवारी सकाळचा रिकामा रस्ता घ्या. पहिला टाका, निघा, थ्रॉटल पूर्ण बंद करा, क्लच दाबा, चवडा एकदाच ठामपणे वर उचला आणि लगेच पाय लिव्हरखालून बाहेर काढून फूटरेस्टवर ठेवा. नवे लोक पाय खालीच राहू देतात. मग लिव्हर मधे येत नाही आणि पुन्हा तेच फसवं न्यूट्रल लागतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वाटेत न्यूट्रल असतं, म्हणून तिथे उचल थोडी जास्त लागते. सिग्नलला न्यूट्रल करायचं तर दुसऱ्यात असतानाच, चाकं पूर्ण थांबायच्या जरा आधी, अंगठ्याने हलकी टिचकी द्या. उभ्या गाडीवर पहिल्यातून न्यूट्रल शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

पहिला आठवडा घाट टाळा, मागे कुणाला बसवू नका.

काढलेली जुनी लिव्हर पुसून, दात्यांना ग्रीस लावून, तिचा बोल्ट तिच्याच कड्यात अडकवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा आणि वर गाडीचं नाव लिहा. गाडी विकताना लागते, आणि पायाला प्लास्टर असेल तेव्हाही. भावाला, मित्राला गाडी देताना किल्लीबरोबर एवढं सांगा: पहिला खाली, बाकीचे वर, आणि टाचेला काही नाही.